‘मी असेपर्यंत एक चिरा हलवायचा नाही’

पत्र थोडक्यात असं : पत्रलेखक ४७ वर्षांचे, डोंबिवलीत राहतात, नोकरी खासगी. घरात बायको आणि दोन मुलं, एक दहावीत, एक बारावीत. मूळ घर संगमेश्वर तालुक्यातल्या एका गावात. आजोबांनी १९५४ साली स्वतःच्या कमाईतून जागा घेऊन बांधलेलं. जांभ्या दगडाच्या चिऱ्यांच्या भिंती, वर मंगलोरी कौलं, पुढे ओटी, मग माजघर, मागे स्वयंपाकघर आणि पडवी, परसात विहीर. संडास घरापासून तीसेक पावलांवर. आजोबा १९७८ मध्ये गेले, मृत्युपत्र केलेलं नव्हतं. त्यानंतर आजी, मग काका, मग आई आणि दोन वर्षांपूर्वी वडील. आज त्या घरात ७३ वर्षांच्या काकू एकट्या राहतात. त्यांना मूलबाळ नाही. एक आत्या चिपळूणला, पत्रलेखकांची सख्खी बहीण वसईला.

‘घर पूर्ण पाडून स्लॅबचं दुमजली बांधायचं माझ्या मनात आहे,’ ते लिहितात. ‘ठेकेदाराने ३२ लाखांचा आकडा दिलाय. थोडा पीएफ, थोडं कर्ज. मुलं गावी यायला तयार नाहीत, बाहेरचा संडास, अंधार, उंदीर, रेंज नाही. दरवर्षी गणपतीला दोन दिवस येतात आणि पळतात. घर आधुनिक केलं तर येतील, पुढे मीही निवृत्तीनंतर तिथे राहीन. पण काकू ऐकत नाही. म्हणते, मी असेपर्यंत एक चिरा हलवायचा नाही, माझे डोळे मिटले की काय ते पाडा. पैसे मी घालणार, कर्ज मी फेडणार, आणि सगळ्या गावात वाईट मीच. भावनेपुढे किती झुकायचं?’

नमस्कार.

तुमचं पत्र मी दोनदा वाचलं आणि दुसऱ्यांदा वाचताना हातात पेन्सिल घेतली. मुलांच्या तक्रारींखाली रेघा ओढल्या : संडास, अंधार, उंदीर, रेंज. या चारांतली एकही गोष्ट घर पाडल्याशिवाय सुटत नाही अशी नाही. रेंज तर पाडूनही सुटायची नाही. मग पाडायचं हे ठरलं कधी आणि कुणाच्या तोंडून पहिल्यांदा निघालं? मला आपली शंका आहे, की ते ठेकेदाराच्या तोंडून निघालं. तो वाईट माणूस असेल असं मी म्हणत नाही. पण ज्याला स्लॅब टाकता येतो त्याला प्रत्येक घरात स्लॅबच दिसतो, आणि कौलं शाकारणारा माणूस आज सहजी सापडत नाही, हेही खरं.

काकूंच्या भावनेकडे आपण नंतर येऊ. आधी एक रुक्ष गोष्ट, कारण तिच्यावर सगळं उभं आहे. तुम्ही ‘माझं घर’ असं लिहिलंय. घर तुमचं किती आहे?

तुम्ही दिलेल्या माहितीवरून मी हिशेब मांडून बघितला. घर आणि जागा आजोबांची स्वकष्टार्जित, ते १९७८ मध्ये मृत्युपत्राशिवाय गेले. म्हणजे वारस आजी आणि तीन मुलं : तुमचे वडील, काका आणि आत्या. हो, आत्यासुद्धा. वडिलांच्या स्वकष्टार्जित मालमत्तेत मुलीला मुलाइतकाच वाटा हिंदू वारसा कायद्याने १९५६ पासूनच दिलेला आहे. तेव्हा एक अडचण होती. राहत्या घरात भाऊ एकत्र असतील तर मुलीला वाटणी मागता येत नसे. ते कलम २००५ च्या दुरुस्तीत काढून टाकलं. आजी गेल्यावर तिचा हिस्साही मृत्युपत्र नसेल तर याच तिघांत आला. म्हणजे तिघांना सारखा, एक तृतीयांश. काका गेले, मूलबाळ नाही, त्यांनीही मृत्युपत्र केलं नसेल तर त्यांचा एक तृतीयांश सबंध काकूंचा. तुमच्या वडिलांचा एक तृतीयांश तुम्ही आणि वसईची बहीण या दोघांत. घराचे सहा वाटे कल्पा : दोन काकूंचे, दोन आत्याचे, एक बहिणीचा, एक तुमचा.

काकू त्या घरात कुणाच्या मेहरबानीवर राहत नाहीत. त्या तुमच्या दुप्पट मालक आहेत. त्यांनी ‘चिरा हलवायचा नाही’ म्हटलं तेव्हा तुम्हाला ती म्हातारपणची हट्टाची भाषा वाटली. मालक माणूस आपल्या घराबद्दल दुसरं काय बोलतो?

हा हिशेब देवरुखच्या एखाद्या वकिलाकडे कागदांसह बसून तपासून घ्या, कारण मध्येच कुठे हक्कसोडपत्र झालेलं असेल, जमीन वडिलोपार्जित निघाली, तर आकडे बदलतील. सातबारा, ग्रामपंचायतीचा नमुना ८ चा उतारा, आणि गावठाणाची ड्रोनने मोजणी झाली असेल तर मालमत्ता पत्रक, हे तिन्ही काढा. घरपट्टीच्या उताऱ्यावर वडिलांचं नाव आहे एवढ्यावर कुणी ‘घर आमचं’ म्हणू नये. ती कर कुणी भरायचा याची नोंद आहे, मालकीचा दाखला नव्हे. आणि सामाईक घरात तुम्ही ३२ लाख घातलेत म्हणून तुमचा वाटा आपोआप वाढत नाही. भांडण झालंच, तर कर्ज तुमचं आणि घर सहा वाट्यांचं, असं व्हायला वेळ लागत नाही. मी असं झालेलं घर पाहिलंय. मोठ्या भावाने मुंबईहून पैसे पाठवून बांधलेलं, आणि आता त्याच्याच खोलीला धाकट्याचं कुलूप.

तेव्हा पहिलं काम सिमेंटचं नाही, कागदाचं. आत्या, बहीण, काकू आणि तुम्ही असे चौघं एकदा ओटीवर बसा. कुणाला वाटा हवा, कुणाला नको, पैसे कोण किती घालणार, घातलेल्या पैशांची नोंद कशी ठेवायची, काकूंचा राहण्याचा हक्क त्यांच्या हयातीत कसा अबाधित राहील, हे लिहून काढा आणि वकिलाकडून रीतसर नोंदवून घ्या. आत्या आणि बहीण ‘आम्हाला काही नको’ म्हणतील, बहुतेक म्हणतातच. तरी त्यांना विचारायचं. न विचारता गृहीत धरणं आणि विचारल्यावर त्यांनी सोडणं, यात फार फरक असतो. गणपतीत त्यांच्या पाटाच्या जागेवरून तो दिसतो.

आता घराकडे.

तुम्ही पत्रात एक वाक्य सहज लिहून गेलात : ‘ओटीच्या भिंतीला कोयनेच्या भूकंपापासूनची भेग आहे, त्यामुळे घर तसंही धोकादायकच.’ कोयनेचा भूकंप ११ डिसेंबर १९६७ चा. सह्याद्री ओलांडला की पलीकडे कोयना, म्हणजे तुमच्या गावाने तो चांगलाच अनुभवला असणार. पण ती भेग पन्नासहून जास्त वर्षं तिथे आहे आणि भिंतही तिथेच आहे. भेगेचं वय तिच्याविरुद्धचा पुरावा नसतो, उलट असतो. विचारायचं ते एवढंच, की ती वाढतेय का. भेगेच्या दोन्ही टोकांना पेन्सिलीने आडवी रेघ मारून शेजारी तारीख लिहा. मधोमध काचेची एक पट्टी दोन्ही बाजूंना घट्ट चिकटवून ठेवा. एक पावसाळा जाऊ द्या. काच तडकली, भेग रेघेच्या पुढे सरकली, तर स्ट्रक्चरल इंजिनीअर बोलवा. जुन्या घरांचं काम केलेला, ठेकेदाराचा मेव्हणा नव्हे. नाही तडकली तर त्या भेगेला तिच्या जागी राहू द्या.

भेगेपेक्षा मला काळजी वाशांची आहे. शिडी लावून एक स्क्रू ड्रायव्हर घेऊन वर चढा, किंवा चढवा. वासे मधे बघू नका, भिंतीवर टेकलेली टोकं बघा. कौल सरकलं की पाणी तिथेच मुरतं. टोकात स्क्रू ड्रायव्हर टोचा. अडला तर लाकूड ठीक, लोण्यासारखा आत गेला तर तो वासा गेला. आणि एक गंमत बघाल : स्वयंपाकघरावरचे वासे काळेकुट्ट पण ठणठणीत असतील, माजघरावरचे दिसायला स्वच्छ आणि आतून पोखरलेले. पन्नास वर्षांचा चुलीचा धूर जिथे पोचला तिथे किडा पोचला नाही, असं आमच्याकडचे जुने सुतार सांगायचे. गॅस आला, धूर गेला, आणि वाळवीला रान मोकळं झालं. म्हणून चूल परत पेटवा असं नाही. राहिलेल्या लाकडाला वाळवीचं औषध मारून घ्या, किंवा काजूच्या टरफलाचं तेल. ते लावणाऱ्याने हातमोजे घालावेत, कातडी सोलवटते.

सगळेच वासे गेले असतील तरी पाडायचं कारण नाही. लोखंडी पाइपांचा सांगाडा करून त्यावर तीच कौलं चढवतात. कोकणात हल्ली आणखी एक करतात, खाली पत्रा आणि वर कौलं. माकडांनी कौल फोडलं तरी पाणी आत येत नाही, आणि वरून घर घरासारखं दिसतं. माकडांचा मुद्दा मी हसण्यावारी नेत नाही. दरवर्षी मे महिन्यात शाकारणीला माणूस शोधायचा, मजुरी द्यायची, आणि जूनच्या पहिल्या आठवड्यात वानरांची टोळी येऊन एका उडीत वीस कौलं फोडून जाते. हे ज्याने सोसलंय त्याला ‘कौलारू घराचं सौंदर्य’ ऐकवणाऱ्या शहरी पाहुण्याचा राग येतो, आणि तो रास्त आहे.

अंधारासाठी माजघरावर चार-सहा काचेची कौलं बसवा. दुपारी जमिनीवर जो चौकोनी कवडसा पडतो, तो लहानपणी तुम्हीही पायाने धरायचा प्रयत्न केला असेल. जुनी कौलं उतरवाल तेव्हा एखादं उलटं करून मुलांना दाखवा. पाठीवर बहुधा कारखान्याचा छाप असतो. ही कौलं ‘मंगलोरी’ का, तर १८६५ मध्ये बासेल मिशनच्या जर्मन मंडळींनी मंगळूरला कारखाना काढला आणि तिथून ती किनाऱ्याने वर आली. बारावीतल्या पोराला एवढं पुरे, बाकी तो फोनवर शोधेल. रेंज मिळाली तर.

आता स्लॅब. तुमचा ठेकेदार पूर्ण पाडायला सांगतोय, त्यात निदान एक प्रामाणिकपणा आहे. याहून वाईट सल्ला मी ऐकलाय : भिंती तशाच ठेवू आणि वर स्लॅब टाकू, पैसे वाचतील. असं कुणी म्हणालं तर त्याला चहा पाजून परत पाठवा. पाच इंची स्लॅबचा एक चौरस मीटरचा तुकडा तीनशे किलोंच्या वर भरतो. तेवढ्याच जागेवरची कौलं, खालच्या लाकडी रिपांसकट, साठ-सत्तर किलोंची. मातीत लावलेल्या चिऱ्यांवर पाचपट वजन टाकायचं, आणि तेही कोयनेच्या शेजारी?

आणि पूर्ण पाडून बांधलेल्या स्लॅबच्या घराचं काय होतं, हे तुम्हाला सांगायला माझी गरज नाही. संगमेश्वरहून गावाकडे जाताना गाडीच्या खिडकीतून मोजा. दहा-बारा वर्षांपूर्वी बांधलेल्या किती बंगल्यांच्या स्लॅबवर आता निळ्या-लाल पत्र्याची शेड चढलीय? रत्नागिरी जिल्ह्यात वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो. सपाट स्लॅब त्याला कंटाळतो आणि गळतो. मग लोक गच्चीवर उतरतं छप्पर घालतात, म्हणजे आजोबांनी १९५४ मध्ये जे केलं होतं तेच, फक्त पत्र्याचं, आणि लाखभर जास्त घालून. तुमच्या ठेकेदाराचा नकाशा परत उघडा. छपराला भिंतीच्या बाहेर आलेलं पाख आहे का? बहुतेक नाही, हल्ली घरं खोक्यासारखी काढतात. जुन्या घराच्या पागोळ्या भिंतीपासून तीन-तीन फुटांवर पडतात. भिंत कोरडी राहते ती रंगामुळे नव्हे, त्या तीन फुटांमुळे.

सिमेंटच्या प्लास्टरबद्दल मात्र मी थोडी जास्त बोलणार आहे, कारण इथे माझे हात पोळलेत. आमच्या आजोळचं घर असंच जांभ्याचं. १९९८ मध्ये मामाने हौसेने आतून-बाहेरून सिमेंटचं प्लास्टर करून घेतलं, वर पिस्ता रंग. पहिली दिवाळी झक्क. तिसऱ्या पावसाळ्यानंतर माजघराच्या भिंतीला जमिनीपासून कमरेपर्यंत फोड आले. हात लावला की पापुद्रा गळायचा आणि मागे पांढरा लोणा, बोटाला खारट. मामाने पुन्हा प्लास्टर केलं, मग ओल येऊ नये म्हणून औषध, मग टाइल. टाइलच्या वरून ओल चढली. चौथ्या खेपेला एका म्हाताऱ्या गवंड्याने भिंतीला कान लावावा तसा तळहात लावला आणि मामाला म्हणाला, ‘हिला श्वास घेता येत नाय.’ जांभा सच्छिद्र दगड. जोत्यातून ओल वर चढते, ती भिंतीच्या अंगातून बाहेर पडून वाळते. सिमेंटने तोंड बंद केलं की ती आतच कोंडते, जिथे फट मिळेल तिथून क्षार घेऊन फुटते. शेवटी सगळं खरवडून चुन्याचा गिलावा केला. खड्ड्यात चुना विरवून ठेवला, त्यात गूळ आणि हिरड्याचं पाणी. वेळ फार गेला. वीस वर्षं होत आली, ती भिंत अजून कोरडी आहे.

म्हणून भिंतींना चुना, किंवा बाहेरून चिरा उघडाच ठेवून फक्त चिऱ्यांमधले सांधे भरणं. मुलांना ते आवडेल सुद्धा. शहरात हल्ली लोक पैसे देऊन खोट्या चिऱ्याचा वॉलपेपर लावतात.

मग आधुनिक काय करायचं? जिथे रोज अंग लागतं, तिथे काटकसर न करता.

संडास-न्हाणीघर घराला लागून, पडवीच्या टोकाला, छपराखालून चालत जाता येईल असं. हे काम मुलांसाठी सुचलं असलं तरी मी ते काकूंसाठी करायला सांगते. ७३ वर्षांची बाई जुलैच्या रात्री, हातात बॅटरी, डोक्यावर इरलं नाहीतर छत्री, शेवाळलेल्या तीस पावलांवर चालत जाते. ती एकदा घसरली, खुब्याचं हाड मोडलं, की घराचा प्रश्न तिथेच संपला आणि वेगळा सुरू झाला. कमोड बसका नको, उभं राहायला सोपा हवा. शेजारी भिंतीत घट्ट दांडी. लाद्या खरखरीत, चकचकीत नकोत. दार बाहेरच्या बाजूला उघडणारं, म्हणजे आत कुणी पडलं तर दार अडत नाही. जाता-येता उंबरा आहे तिथे छोटा उतार. शोषखड्डा विहिरीपासून निदान पन्नास फूट, जांभ्यात त्याहूनही लांब बरा, आणि उताराच्या खालच्या अंगाला. जांभ्याच्या भेगांतून पाणी फार लवकर सरकतं. उन्हाळ्यात कोरडं दिसतं म्हणून फसू नका.

वीज सगळी नव्याने. जुन्या घरातल्या तारांना मी घरातला साप समजते, दिसत नाही म्हणून विसरायचं नाही. तांब्याची वायर : दिवे-पंख्यांना दीड चौरस मिलिमीटर, प्लगला अडीच, गिझर किंवा एसी लावणार असाल तर त्याला वेगळी चारची. अर्थिंगचा खड्डा नवा. मुख्य बोर्डावर ३० मिलिअँपिअरचं आरसीसीबी बसवा. ओल्या हाताने बटण दाबलं आणि करंट गळला, तर ते क्षणात वीज तोडतं. काकूंच्या नावाने एवढं एक यंत्र घ्याच. आणि वायरी लपवायला चिऱ्यात खाचा मारू देऊ नका. चिरा छिन्नीने भराभर निघतो म्हणून वायरमन खुशीत लांब खाच मारत जातो आणि भिंत कमकुवत होते. पाइप वरून नीट रेषेत न्या, दिसला तर दिसला.

स्वयंपाकघरात उभ्याचा ओटा, पण उंची काकूंना उभं करून ठरवा, डोंबिवलीच्या ओट्याची टेप लावू नका. नळ, सिंक, चिमणी नको तर एक धुराडं आणि जाळीची खिडकी. उंदरांसाठी भिंत आणि छप्पर यांच्यामधल्या फटी बारीक जाळीने बंद करा, पण हवा जाऊ द्या. प्लायवूडची कपाटं, पीओपीचं सीलिंग हे ठेकेदाराच्या यादीतून कापा. वर्षातून तीनशे दिवस बंद राहणाऱ्या खोल्यांत पहिल्याच श्रावणात त्यांना बुरशीची लव येते. वर सीलिंग करून खालून कौलं झाकली, की गळती कुठे आहे हेही कळेनासं होतं.

हे सगळं ३२ लाखांच्या पुष्कळ आत बसावं. किती ते मी सांगणार नाही, तुमच्या गावात चिरा, वाळू आणि गवंडी काय भावाने मिळतात ते तुम्हीच विचारा. पण जो आकडा येईल त्याच्यावर पाचवा हिस्सा बाजूला ठेवा. जुनं घर उघडल्यावर काहीतरी निघतंच. ठेकेदाराला रक्कम कामाच्या टप्प्यांवर द्या, आगाऊ ढीग नको, आणि कुठलं काम कुठल्या मालात हे कागदावर घ्या. दिवाळी झाली की सुरुवात, कौलं उतरवायची ती शिमग्याआधी, आणि मेच्या मध्यापर्यंत छप्पर पुन्हा बंद. ‘होतंय हो, आठ दिवसांत’ म्हणत जून उजाडलेली घरं प्लॅस्टिकखाली कण्हताना मी पाहिलीत. एका हंगामात सगळं नाहीच झालं तर यंदा संडास आणि वीज, पुढच्या वर्षी छप्पर. कर्जही तेवढं कमी लागेल.

पाडणंच योग्य असं कधी असतं? असतं ना. पाया खचलाय, भिंती ओळंब्यातून बाहेर गेल्यात म्हणजे कलल्यात, चिरा आतून भुसभुशीत झालाय, डोंगराच्या कड्याखाली घर आहे आणि मागून माती सरकतेय, तर मी काकूंची समजूत घालायला स्वतः तुमच्याबरोबर येईन. इंजिनीअरने असं लिहून दिलं तर तो निर्णय घ्या. तोपर्यंत ते घर पाडण्याजोगं आहे हे तुमचं मत आहे, आणि काकूंचं वेगळं.

काकूंबद्दल एक विचारते. ‘माझे डोळे मिटले की पाडा’ हे वाक्य तुम्ही भावनेचं म्हणून वाचलंत. मला त्यात भीतीही ऐकू येते. पाडलं की काम संपेपर्यंत एक-दीड वर्ष त्या राहणार कुठे? डोंबिवलीत, तुमच्या हॉलमधल्या दिवाणावर? पत्रात याचा एका ओळीनेही उल्लेख नाही. कदाचित त्यांच्यापाशीही कुणी काढला नसेल. टप्प्याटप्प्याने दुरुस्ती केली तर त्यांना घर सोडावंच लागत नाही. माजघराचं काम चालेल तेव्हा त्या ओटीवर, ओटीचं चालेल तेव्हा माजघरात. हे त्यांना सांगून बघा. नकाराचा अर्धा भाग तिथेच गळून पडेल असा माझा अंदाज आहे.

आणि मुलांचं म्हणाल तर, ती सोळा-अठरा वर्षांची आहेत. संडास आत आला म्हणून ती दर शनिवार-रविवार गावी धावतील, या आशेवर कर्ज काढू नका. त्यांची ती वर्षं आत्ता दुसरीकडेच असतात. तुम्ही निवृत्तीनंतर तिथे राहणार म्हणता, त्याला अजून दहा-बारा वर्षं आहेत. त्या घरात तुम्ही शेवटचे सलग आठ दिवस कधी राहिलात? गणपती सोडून?

तेव्हा येत्या जुलैत रजा काढा. गणपतीची नको, भर पावसातली. बायकोमुलांना नेऊ नका, एकटे जा. सोबत ठेकेदाराचा नकाशाही नको. वही आणि पेन्सिल न्या. पाऊस सुरू झाला की काकू न बोलता उठतील आणि एक बादली माजघरात, एक पातेलं पडवीत, जुना डबा देवघराच्या कोपऱ्यात ठेवतील. कुठे काय ठेवायचं हे त्यांना अंधारातही पाठ आहे. त्या ज्या क्रमाने भांडी ठेवतात, त्याच क्रमाने लिहून घ्या, आणि घरी परतायच्या आदल्या दिवशी ती यादी त्यांना वाचून दाखवा. काही राहिलं असेल तर त्या सांगतील.